जांभळ्या तबकडीचं आयुष्य

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून बुटांचा एक खोका खाली आला. बूट त्यात नव्हतेच. होत्या त्या डीव्हीडी. कुणाची मुंज, कुणाचं लग्न, सोसायटीच्या गणपतीचं विसर्जन, आणि एकीवर चकचकीत स्टिकर, त्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं : ‘आत्या, जात्यावरच्या ओव्या, १९९८’.

माझी आत्या सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहायची. शाळेत गेली नव्हती, पण ओव्या तिला अगणित यायच्या. १९९८ साली मी एका मित्राचा हॅंडीकॅम मागून आणला आणि दोन दिवस पहाटे उठून तिच्या जात्यासमोर बसलो. बावन्न मिनिटांचं चित्रण झालं. २००६ साली एका दुकानात त्या कॅसेटची डीव्हीडी करून घेतली. दुकानदारानं हौसेनं वर स्टिकर चिकटवून दिला आणि म्हणाला, ‘‘काका, आता शंभर वर्षं बघायला नको.’’ मी कॅसेट तिथेच त्याच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. आत्या २००९ साली गेली.

खोका सापडला त्या संध्याकाळी मी ती डीव्हीडी प्लेयरमध्ये घातली. ती फिरली, घरघरली, थांबली, पुन्हा फिरली. पडद्यावर अक्षरं आली : ‘नो डिस्क’. तबकडी आत असताना ‘तबकडी नाही’ असं यंत्र म्हणतं, तेव्हा काय वाटतं ते तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. माझा भाचा संगणकातला. तो म्हणाला, ‘‘मामा, टाकून दे. प्लास्टिक आहे ते.’’ मी म्हटलं, टाकायची तर टाकू, पण हे प्लास्टिक नेमकं काय आहे ते आधी कळू दे.

इंटरनेटवर शोध घेतला की पहिल्यांदा भेटतात ते विक्रेते. कोरी तबकडी विकणारे, ‘गेलेली माहिती परत मिळवून देऊ’ म्हणणारे, सॉफ्टवेअर विकणारे. ती पानं मी वाचली आणि सोडून दिली. मग हळूहळू एक गोष्ट लक्षात आली. या विषयावरची सर्वांत चांगली माहिती फुकट आहे आणि ती लिहिणाऱ्यांना आपल्याला काही विकायचं नाही. फक्त ती जुनी आहे आणि शोधयंत्राच्या पहिल्या पानावर येत नाही. जिम टेलर या जाणकारानं वर्षानुवर्षं जपलेली आणि वाढवलेली डीव्हीडीवरची प्रश्नोत्तरी आहे. ह्यू बेनेट यांनी ऑप्टिकल उद्योगाच्या एका संघटनेसाठी २००४ साली लिहिलेली, लिहिता येणाऱ्या आणि पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या डीव्हीडींची माहिती देणारी पुस्तिका आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेनं, म्हणजे निस्टनं, २००३ साली प्रसिद्ध केलेलं फ्रेड बायर्स यांचं मार्गदर्शक पुस्तक आहे. ते ग्रंथपाल आणि अभिलेखपाल यांच्यासाठी आहे, पण बारावी झालेल्या कुणालाही समजावं. काही पानं मूळ जागेवरून नाहीशी झाली होती, ती जुनी पानं जपून ठेवणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हमध्ये सापडली. पंधरा दिवस रात्री जेवण झालं की मी हेच वाचत होतो. बायकोच्या मते परीक्षेच्या वेळीही मी इतका अभ्यास केला नसेल.

पहिला धक्का बसला तो असा. दुकानातून आणलेली सिनेमाची डीव्हीडी आणि घरी किंवा दुकानात ‘राईट’ केलेली डीव्हीडी या दोन निराळ्याच वस्तू आहेत. सिनेमाची डीव्हीडी ही छापील वस्तू. साच्यात प्लास्टिक दाबून त्यावर बारीक खळगे उठवायचे आणि वर चकाकता धातूचा थर द्यायचा. आपली डीव्हीडी मात्र छापलेली नसते, ती लिहिलेली असते आणि शाईनं लिहिलेली असते. कारखान्यात तबकडीवर आधी एक सर्पिल चर कोरून ठेवतात. त्यावर सेंद्रिय रंगाचा पातळ थर, आणि त्यामागे परावर्तन करणारा धातूचा थर, बहुधा चांदीच्या मिश्रधातूचा. लिहिताना लेसर जिथे जोरात पडतो, तिथला रंग तापून बदलतो आणि तिथून प्रकाश कमी परततो. वाचताना तोच लेसर अगदी मंद असतो. तो फक्त कुठे उजेड परत येतो आणि कुठे नाही, एवढंच पाहतो. तबकडीची खालची बाजू जांभळट दिसते ती या रंगामुळे. म्हणजे माझ्या आत्याचा आवाज एका रंगाच्या थरात होता. रंग उन्हानं विटतो हे आपल्याला दारावरच्या पडद्यांवरून माहीत असतं. तबकडीच्या बाबतीत ते सुचत नाही.

हे सगळं किती बारीक असतं? सीडीच्या चराच्या दोन वळणांत १.६ मायक्रॉनचं अंतर असतं, डीव्हीडीच्या चरात ०.७४ मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. म्हणून डीव्हीडीला आखूड लांबीचा, ६५० नॅनोमीटरचा लाल लेसर लागतो. सीडीला ७८० चा चालत असे. हा चर उलगडून सरळ केला तर जवळजवळ बारा किलोमीटर भरेल. तबकडीची एकूण जाडी १.२ मिलिमीटर, पण ती अखंड नसते. ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात आणि माहितीचा थर त्यांच्या मध्ये, सॅंडविचमधल्या चटणीसारखा. सीडीत तो थर थेट वरच्या छापील बाजूखाली असतो. म्हणून सीडीची छापील बाजू खरवडली की सीडी गेली. डीव्हीडीला त्याची भीती कमी. तिची भीती वेगळी, ती चिकटवणीची. कडेनं हवा आणि दमटपणा आत शिरला किंवा तबकडी वाकली की गडबड सुरू होते. आणि डीव्हीडीवर चिकटवलेला कागद? निस्टचं पुस्तक म्हणतं, लावू नका, आणि लावलाच असेल तर सोलू नका. माझ्या दुकानदाराचा तो देखणा स्टिकर!

आता डीव्हीडीवरची अक्षरं. ‘डीव्हीडी-आर’, ‘डीव्हीडी+आर’, ‘आरडब्ल्यू’, ‘रॅम’. २००३-०४ च्या सुमारास कोरी डीव्हीडी घ्यायला गेलं की दुकानदार विचारायचा, ‘‘प्लस की मायनस?’’ आणि आपण रक्तगट विचारल्यासारखे गोंधळायचो. यामागे कंपन्यांचं सरळ भांडण होतं. पायोनियर कंपनीनं १९९७ साली पहिली लिहिता येणारी तबकडी आणली, ती डीव्हीडी-आर. तीत तेव्हा ३.९५ गिगाबाइट मावत, पुढे ४.७ झाले. डीव्हीडी फोरम या कंपन्यांच्या मंडळानं तिला मान्यता दिली. पण फिलिप्स, सोनी, एचपी, रिको वगैरे मंडळींनी वेगळी चूल मांडली. त्यांची पुन्हा लिहिता येणारी डीव्हीडी+आरडब्ल्यू २००१ मध्ये बाजारात आली आणि एकदाच लिहिता येणारी डीव्हीडी+आर २००२ मध्ये. यातलं ‘-’ म्हणजे वजा नव्हे, ती नुसती जोडरेघ. समोरच्यांनी अधिक लावल्यावर लोक हिला वजा म्हणू लागले, ही गंमत.

तांत्रिक फरक आहे, पण आपल्याला वाटतो तेवढा मोठा नाही. लिहिणाऱ्या यंत्राला आपण चरात नेमके कुठे आहोत हे कळावं लागतं. बारा किलोमीटरच्या रस्त्यावर मैलाचे दगड हवेतच. डीव्हीडी-आर मध्ये ते दगड चराच्या दोन वळणांमधल्या उंचवट्यावर बारीक खळग्यांच्या रूपानं आधीच पाडलेले असतात. प्लस जातीत चरालाच नागमोडी थरथर दिलेली असते आणि त्या थरथरीत ठिकाणाची खूण दडवलेली असते. मला स्वतःला दुसरी युक्ती जास्त सुबक वाटते, पण ज्याला लग्नाची फिल्म बघायची आहे त्याला या सुबकपणाचं काय? शेवटी सोनीनं २००२ मध्ये दोन्ही जाती लिहिणारा ड्राइव्ह बाजारात आणला, मग सगळ्यांनीच आणले आणि भांडण कोणी न जिंकताच विझलं.

या भांडणाची एक खूण मला जिनिव्हाच्या एक्मा या संस्थेच्या कागदपत्रांत सापडली. ही संस्था १९६१ पासून संगणक उद्योगाची मानकं प्रसिद्ध करते आणि ती कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येतात. डीव्हीडी-आरचं मानक क्रमांक ३५९, प्लस आरडब्ल्यूचं ३३७. या दुसऱ्याच्या मथळ्यात ‘डीव्हीडी’ हा शब्दच नाही. नुसतं ‘+आरडब्ल्यू स्वरूप’. घरच्या तबकड्या पाहा, प्लस जातीवरचं बोधचिन्हही वेगळं, मोठ्या ‘आरडब्ल्यू’ अक्षरांचं दिसेल. ही मानकं वाचायला रुक्ष आहेत, मी सगळी वाचली असं म्हणणार नाही. पण तबकडीचं अधिकृत वर्णन इतकं उघड्यावर ठेवलेलं असतं, हे मला माहीत नव्हतं.

आरडब्ल्यूची गोष्ट मात्र मला सगळ्यात आवडली. तिच्यात रंग नसतो, धातूंचं मिश्रण असतं. त्यात जर्मेनियम, अँटिमनी, टेल्युरियम असली मूलद्रव्यं असतात. साखरेचा पाक ज्यांनी केला आहे त्यांना हे चटकन कळेल. कडक पाक थाळीत ओतून झटकन थंड होऊ दिला की तो काचेसारखा होतो. तोच रेंगाळला, ढवळला गेला की साखर धरतो, त्यात खडे होतात. तबकडीतला धातूही असाच. लेसरनं वितळवून एकदम गार झाला की त्याचे अणू विस्कळीत राहतात आणि तो प्रकाश कमी परतवतो. वितळणार नाही इतपतच तापवला की अणू पुन्हा रांगेत बसतात, स्फटिक होतात आणि जागा उजळते. म्हणजे लिहिणं आणि पुसणं दोन्ही उष्णतेनंच. हे साधारण हजार वेळा करता येतं. डीव्हीडी-रॅम नावाची १९९८ साली आलेली जात तर एक लाख वेळा लिहिता येते असं तिचे कर्ते सांगत. तिच्या अंगावर बारीक चौकटींची नक्षी दिसते, त्यावरून ओळखता येते. आपल्याकडे ती फारशी कुणी पाहिली नसेल. आरडब्ल्यूची अडचण अशी की ती मुळातच कमी चकाकते, आणि म्हणून जुने प्लेयर तिला ओळखतच नसत. तबकडी चांगली असूनही ‘नो डिस्क’.

क्षमतेबद्दल एक शंका नेहमी विचारली जाते, तिचं उत्तर चटकन देतो. वेष्टनावर ४.७ गिगाबाइट आणि संगणकात ४.३७, ही फसवणूक नाही. कंपनी हजारानं मोजते, संगणक १०२४ नं. २००४ मध्ये दोन थरांची ८.५ गिगाबाइटची तबकडी आली, ती महाग होती आणि घरोघरी पोहोचली नाही.

वेगाचं मात्र नीट समजून घ्यायला हवं. तबकडीवर ‘१६एक्स’ लिहिलेलं असतं. एकपट वेगानं एक डीव्हीडी भरायला सुमारे ५८ मिनिटं लागतात; सोळापट वेगाच्या यंत्रावर सहा-सात मिनिटं. लिहिण्याआधी यंत्र तबकडीच्या आतल्या भागात थोडं गिरवून बघतं, या रंगाला लेसर किती जोरात मारावा ते ठरवण्यासाठी. कारखान्यानं तबकडीत आपला एक संकेत आधीच लिहून ठेवलेला असतो, तोही यंत्र वाचतं. या संकेतावरून तबकडी खरी कोणी बनवली ते साध्या सॉफ्टवेअरनं कळतं, आणि ते नाव वेष्टनावरच्या नावापेक्षा पुष्कळदा वेगळं निघतं. आपल्या देशातली मोझर बेअर ही कंपनी एके काळी जगातल्या सर्वांत मोठ्या तबकडी उत्पादकांपैकी एक होती, आणि तिच्या तबकड्या परदेशी नावांखालीही विकल्या जात. २०१८ मध्ये ती अवसायनात निघाली. उत्तम तबकड्यांसाठी जाणकार ज्या जपानी तायो युडेनचं नाव घेत, तिनं २०१५ अखेर हे उत्पादन थांबवलं. सोनीनं लिहिण्याजोग्या ब्लू-रे तबकड्यांचं काम फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केलं. बनवणारे एकेक करून उठून चालले आहेत, आणि वाचणारी यंत्रंही नव्या लॅपटॉपांतून केव्हाच गेली.

मग दुकानदाराची शंभर वर्षं कुठून आली? ती त्याच्या मनातली नव्हती. निस्टच्या २००३ च्या पुस्तकात उत्पादकांचा दावा दिला आहे : एकदा लिहिण्याच्या तबकड्यांना शंभर ते दोनशे वर्षं. दावा उत्पादकांचा, आणि नीट साठवल्या तर. दीर्घकाळ साठवण म्हणजे काय, तर सुमारे १८ अंश सेल्सियस आणि ४० टक्के आर्द्रता. आमचा माळा स्लॅबच्या लगेच खाली आहे. एप्रिलमध्ये तिथे हात घातला तर चटका बसतो आणि जुलैमध्ये वर्तमानपत्राची पानं ओलसर लागतात. विदर्भातल्या पत्र्याच्या घरात आणि कोकणातल्या पावसात तर बोलायलाच नको. कॅनडाच्या कॉन्झर्वेशन इन्स्टिट्यूटनं अलीकडे केलेली टिपणं जास्त रोखठोक आहेत. चांदीच्या थराची डीव्हीडी-आर : दहा ते वीस वर्षं. डीव्हीडी-आरडब्ल्यू : पाच ते दहा. सोन्याच्या थराची डीव्हीडी-आर मात्र पन्नास ते शंभर. पण ती आपण कधी घेतली होती? माझी तबकडी चांदीची, २००६ ची. हिशेब वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात मांडला आणि पेन ठेवून दिलं.

तरी एक आशा होती. प्लेयरनं नाही म्हटलं म्हणजे माहिती गेली असं नाही. वाचणारं प्रत्येक यंत्र वेगळं असतं. एकाला जमत नाही ते दुसऱ्याला जमतं. मी आधी तबकडी पुसली, मऊ सुती कापडानं, मधून कडेकडे सरळ. गोल गोल पुसू नये, कारण चराच्या दिशेनं ओरखडा गेला तर एकाच ठिकाणची सलग माहिती जाते. आडवा ओरखडा तबकडी स्वतःच्या दुरुस्तीच्या संकेतांनी सांधून घेते. स्टिकर तसाच ठेवला. लॅपटॉपला जोडायचा नवा पातळ ड्राइव्ह आणला, त्यानं हात टेकले. मग ओळखीच्या एका सायबर कॅफेवाल्याकडे धूळ खात पडलेल्या संगणकातला जुना जाड ड्राइव्ह मागून आणला. त्यात ती उघडली! पण फाइल कॉपी करायला लागलो की मध्येच अडकायची आणि सगळंच थांबायचं.

इथे भाच्यानं मदत केली. डीडीरेस्क्यू नावाचं एक मोफत सॉफ्टवेअर आहे. ते अडलं तिथे बसून राहत नाही. आधी जे सहज वाचता येतं ते सगळं उतरवून घेतं, काय राहिलं त्याची नोंद ठेवतं, आणि मग राहिलेल्या जागांकडे पुन्हा पुन्हा जातं. ती नोंद तशीच ठेवून तबकडी दुसऱ्या यंत्रात घातली तर काम तिथून पुढे चालू राहतं. आम्ही तीन यंत्रांत फिरवली. दोन रात्री लागल्या.

डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते. चित्रणाची सुरुवात मधल्या छिद्राजवळ, शेवट कडेजवळ. आणि कड ही सगळ्यात दुबळी जागा. बोटं तिथे लागतात, दमट हवा तिथून शिरते, तबकडी वाकली तर तिथे जास्त हलते. त्यामुळे आम्हाला पहिली त्रेचाळीस मिनिटं जवळजवळ स्वच्छ मिळाली. शेवटची नऊ मिनिटं फाटकी. चित्राचे चौकोन होतात, आत्याचा चेहरा अर्धा विरघळतो, जात्याचा खुंटा हवेत थांबतो, आवाज येतो आणि जातो. किमान चार ओव्या पूर्ण गेल्या. वहिनींना, म्हणजे आत्याच्या सुनेला, ती फाइल ऐकवली, तेव्हा त्यातली एक त्यांनी आठवून पूर्ण केली. बाकीच्या त्यांनाही येत नव्हत्या.

मिळालेली फाइल आम्ही तीन ठिकाणी ठेवली आहे : एक माझ्याकडच्या हार्ड डिस्कवर, एक भाच्याकडे, एक वहिनींच्या नातीकडे पुण्याला. खोक्यातल्या बाकीच्या सव्वीस डीव्हीडींपैकी एकोणीस आतापर्यंत उतरल्या. त्यात एका लग्नाच्या डीव्हीडीवर ठळक अक्षरात ‘प्लस आरडब्ल्यू’ आहे, ती निमूटपणे उघडली. मुंजीची मात्र कोणत्याच यंत्रात उघडत नाही. ज्याची मुंज होती तो म्हणतो, राहू दे काका, मला आठवतही नाही.

आत्याच्या चित्रणाच्या अगदी शेवटी चित्र नाहीच, काळा पडदा आहे. आवाज मात्र दोन-तीन सेकंद नीट येतो. जातं थांबलेलं असतं. ती विचारते, ‘‘झालं का रं? बंद केलास का त्यो डबा?’’